धूम्रेचा शाप आणि आवडाईची हंडी

एका राज्यात शार्दूलसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य मोठे, राजा शूर, आणि राजाच्या मुदपाकखान्याची, म्हणजे राजवाड्यातल्या स्वयंपाकघराची, कीर्ती सात डोंगरांपलीकडे गेलेली. त्या मुदपाकखान्याची मुख्य आचारीण होती आवडाई. वीस वर्षे तिने तिथल्या चुली सांभाळल्या होत्या.

एकदा राजा लढाई जिंकून आला आणि त्याने मोठी पंगत घातली. बोकडाच्या बरगड्या हंडीत शिजत होत्या. आवडाईने झाकण काढून मांस बोटाने दाबून पाहिले. ते अजून ताठ होते. एवढ्यात दरबारातून राजाची आरोळी आली, "पाने वाढा!" आवडाई घुटमळली. मग तिने तशाच बरगड्या वाढायला दिल्या.

पंगतीच्या शेवटच्या पाटावर धूम्रा नावाची मांत्रिकीण बसली होती. वय शंभराच्या पुढचे, तोंडात एकही दात नाही. तिने बरगडी उचलून हिरड्यांनी ओढली. पुन्हा ओढली. मांस हाड सोडीना. पंगत हसली, आणि राजा सर्वांत मोठ्याने हसला.

धूम्रा पानावरून उठली.

"राजा, माझ्या पानातल्या मांसाने हाड सोडले नाही. आजपासून तुझ्या राज्यात कुठलेच मांस हाड सोडणार नाही. कुठलीच चूल मंद जळणार नाही. आणि तू पायांपासून दगड होत जाशील. वर्षाने याच दिवशी मी याच पाटावर येऊन बसेन. सूर्य मावळायच्या आत माझ्या हिरड्यांना बरगडी खाता आली, तर सुटशील. नाही तर दगडच राहशील."

एवढे बोलून ती धूर झाली आणि धुराड्यातून निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी राजाची पावले दगडाची झाली. राज्यातल्या चुली भडकू लागल्या. लाकूड ओढले तरी ज्वाळा छतापर्यंत जात, वरून कोळसा आणि आतून कच्चे असेच सारे निघे. देशोदेशीचे आचारी आले आणि मान खाली घालून गेले. अकरा महिन्यांत दगड राजाच्या छातीपर्यंत चढला. सारे जण धूम्रेला बोल लावीत. आवडाईला कोणीच काही म्हणत नसे, आणि तेच तिला जिव्हारी लागे.

एके सकाळी ती विहिरीच्या काठावर बसून स्वतःशीच म्हणाली, "आता कुणाला विचारू?"

"मला विचार," वडावरून धनेश पक्षी म्हणाला. त्याची चोच सोन्याची होती. "तीन वस्तू आण. शुभ्र सरोवराचे मीठ. सत्यवनातली कच्ची पपई. आणि काळ्या डोंगराच्या पोटातला निखारा, जो कधी भडकत नाही."

"वाट?"

"मी पुढे उडतो. तू मागून ये."

शुभ्र सरोवरात पाणी नव्हते. क्षितिजापर्यंत नुसते मीठ, चांदण्यासारखे लखलखते. मधोमध एक पांढरा नाग वेटोळे घालून बसला होता. आवडाई लगबगीने निघाली, तशी गुडघ्यापर्यंत रुतली. पाय उपसून काढला, पुन्हा धावली, कमरेपर्यंत रुतली.

"सावकाश चालणाऱ्यालाच हे मीठ पेलते," नाग म्हणाला.

मग ती एकेक पाऊल टेकवीत चालली. उजाडल्यापासून उन्हे कलेपर्यंत ती चालतच होती. टाचा फुटल्या, त्यांत मीठ भरले, पण पाय पुन्हा रुतला नाही. नागाने फणा बाजूला केला. तिने ओंजळभर मीठ पदरात बांधले. ओंजळीत घेताना ते तिच्या तळहातावर मुंग्यांसारखे हळूहळू चालत होते.

सत्यवनात पपईची हजार झाडे होती आणि प्रत्येक झाडाला कान होते. आवडाईने फळाला हात घातला. देठ लोखंडासारखा घट्ट.

"जे कुणाला सांगितले नाहीस ते सांग," झाड म्हणाले.

आवडाईने देठावरचा हात काढून घेतला. मग तिच्या तोंडून शब्द निघाले, "मांस कच्चे आहे हे मला ठाऊक होते. मी दाबून पाहिले होते. राजाला नाही म्हणायला मी भ्याले, आणि त्या म्हातारीची फजिती झाली."

हजार झाडांचे कान हलले. फळ अलगद तिच्या ओटीत पडले, देठातून पांढरा चीक ठिबकत होता.

काळ्या डोंगराच्या पोटात एक राक्षसी निखाऱ्याची राखण करीत होती. तिने आवडाईच्या हातात फुंकणी दिली. "हा माझ्या पणजीच्या पणजीपासून जळतो आहे. तीन प्रहर याच्यापाशी बस. विझू दिलास तर तुला खाईन."

निखारा हळूहळू काळवंडू लागला. आवडाईने फुंकणी ओठांशी नेली. पण राखेवर हात धरला, तेव्हा आतली धग तिला कळली, एकसारखी, शांत. तिने फुंकणी खाली ठेवली आणि हात जोडून बसून राहिली. तिसरा प्रहर संपला. निखाऱ्याने तांबडा डोळा उघडला आणि म्हणाला, "चल."

आवडाई परतली तो शापाच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. नुकते उजाडले होते. दगड राजाच्या गळ्यापर्यंत आला होता.

तिने बरगड्या धुतल्या. हाडांच्या आतल्या बाजूला चिकटलेला पातळ पापुद्रा फडक्यात धरून एका ओढीत सोलून काढला, कारण त्याच्या आड ना मीठ जाते ना मसाला. मग मीठ चोळले. मिठाची रांग मांसात शिरली आणि हाडापर्यंत जाऊन थांबली. पपई तिने अंगठ्याएवढीच वाटली, जास्त झाली तर मांसाचा लगदा होतो. आले, लसूण, मिरी आणि घट्ट दही लावून बरगड्या मुरत ठेवल्या. मुरल्यावर हंडीत रचल्या, झाकणाची कड कणकेने लिंपली आणि खाली निखारा ठेवला. वर्षभरात पहिल्यांदाच त्या मुदपाकखान्यात मंद आच लागली. आचारी नुसते पाहत राहिले.

दुपार कलली. धूम्रा येऊन पाटावर बसली. दगड राजाच्या हनुवटीला टेकला.

सेनापती उग्रदेव तलवार उपसून आत आला. "हंडी उघड!"

"अजून नाही," आवडाई म्हणाली.

"महाराज जातील!"

"आत्ता उघडली तरी जातील."

तलवार तिच्या मानेवर आली. तिचा हात झाकणावरून हलला नाही. तेवढ्यात दरबारातून राजाचा घोगरा आवाज आला, "उग्रदेवा, माघारी ये. आवडाई म्हणेल तेव्हाच."

तेवढेच राजाला बोलता आले. त्याचे ओठ दगडाचे झाले.

सूर्याची कड डोंगराला लागली, तेव्हा कणकेला तडा गेला आणि वाफेचा एक धागा वर आला. आवडाई म्हणाली, "झाले."

झाकण निघाले. तो वास खिडकीतून नगरावर पसरला. रस्त्यातली माणसे जागच्या जागी थांबली, झाडांवरची पाखरे गप्प झाली. आवडाईने स्वतः पान नेऊन धूम्रेपुढे ठेवले. म्हातारीने दोन बोटांनी बरगडी उचलली. हाड हातात राहिले, मांस पानावर घसरले. तिने घास हिरड्यांत धरला आणि डोळे मिटले.

मग राजाच्या अंगावरून दगड ढलपे ढलपे होऊन गळून पडला. राज्यातल्या साऱ्या ज्वाळा खाली बसल्या आणि घरोघरच्या चुली मंद जळू लागल्या. राजा डगमगत सिंहासनावरून उतरला आणि धूम्रेसमोर गुडघ्यांवर बसला. "माते, मी हसलो. क्षमा करा."

"केली," धूम्रा म्हणाली. मग आवडाईकडे वळली. "हे तू रांधलेस?"

"होय. आणि मागच्या वर्षीचेही मीच."

"ठाऊक आहे. तू जेवलीस का?"

धूम्रेने सरकून पाटावर तिला जागा करून दिली. राजाने पळी उचलली आणि नवख्या हाताने, थोडे सांडत, तिच्या पानात दोन बरगड्या वाढल्या. आवडाईने पहिला घास घेतला. वीस वर्षांत स्वतःच्या हातच्या बरगड्या तिने गरम अशा कधी खाल्ल्याच नव्हत्या.