बारा खोल्या आणि पाच माणसे

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की ज्या राज्यात ती घडली त्याचे नाव सांगणारेही आता कुणी उरले नाही.

त्या राज्यात नदीकाठी एक बाजारपेठेचे गाव होते. गावात काम भरपूर, आणि कामकऱ्याला राहायला मालकाची झोपडी मिळे. परटिणीला घाटावर, पाणक्याला विहिरीपाशी, गुराख्याला गोठ्यामागे. पण झोपडी कामाची होती, माणसाची नव्हती. हात थकले की काम सुटे, आणि कामाबरोबर डोक्यावरचे छप्परही जाई.

असे छप्पर गेलेली बारा म्हातारी माणसे त्या गावात होती. कुणाला मूलबाळ नव्हते, कुणाचे परमुलखात गेले ते परतले नव्हते. ती सगळी धर्मशाळेत राहत. पण धर्मशाळा वाटसरूंची. तिथे तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नसे. चौथ्या दिवशी सकाळी बाराही जण आपापली गाठोडी उचलून देवळाच्या ओसरीत जात. तिथून तीन दिवसांनी बाजाराच्या पडवीत. तिथून पुन्हा धर्मशाळेत. अंतर फार नव्हते, पण सत्तरीच्या पायांना ते दर खेपेला वाढल्यासारखे वाटे.

त्यांच्यात सगुणाबाई नावाची परटीण होती. चाळीस वर्षे तिने गावाची धुणी धुतली होती. तिचे पाय त्यातल्या त्यात धड होते, म्हणून म्हातारा पाणक्या कान्हूबा तिला म्हणाला, “सगुणे, तूच जा. मोठ्या लोकांच्या कानावर घाल. कुणी तरी चार भिंती उभ्या करील.”

ती आधी राजाकडे गेली. राजधानी तीन दिवसांच्या वाटेवर होती. राजा भला होता. त्याने तिला बसायला पाट दिला, तिचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “आजी, माझ्या रानातला साग देतो. बारा खोल्यांना पुरेल इतका. पण लाकूड उतरवू कुठे? आधी जागा ठरू दे. जागेचा कागद आला, की त्याच दिवशी गाड्या निघतील.”

सगुणाबाई परत आली आणि पाटलाकडे गेली. पाटीलही भला होता. “विहिरीजवळची माझी जमीन पडूनच आहे, ती देतो,” तो म्हणाला. “पण मागे मी पांजरपोळासाठी अशीच जागा दिली होती. बांधायला कुणी फिरकले नाही. बाभळी माजल्या आणि गाव मला हसले. तेव्हा आधी मजुरीची सोय होऊ दे, मग कागद करतो.”

मग ती शेटजींकडे गेली. शेटजींना नाही म्हणण्याची सवयच नव्हती. “गवंडी, सुतार, सगळ्यांची मजुरी माझ्याकडे,” ते म्हणाले. “पण लाकूड नसताना माणसे लावली तर ती बसून खातील. लाकूड एकदा डोळ्यांना दिसू दे, दुसऱ्या दिवशी काम सुरू.”

सगुणाबाई पुन्हा राजाकडे गेली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, इथे नीट लक्ष द्या. त्या तिघांपैकी एकानेही तिला नाही म्हटले नाही. कुणी नाही म्हटले असते, तर ती एकदाच रडली असती आणि गप्प बसली असती. पण तिघेही हो म्हणत होते, आणि म्हणून तिला चालत राहावे लागत होते.

एक वर्ष गेले, दुसरे गेले. राजा म्हणे जागा, पाटील म्हणे मजुरी, शेटजी म्हणत लाकूड. पहिल्या वर्षी बुरुडांची कोंडाबाई गेली. दुसऱ्या वर्षी चौघे गेले. मागे राहिलेल्यांनी त्यांची गाठोडी वाटून घेतली आणि फेरा चालू ठेवला. वाटेत आधी तीनदा बसणारी सगुणाबाई आता दहादा बसू लागली.

तिसऱ्या वर्षी, देवळातून बाजाराकडे निघण्याच्या दिवशी, कान्हूबा वाटेतच थांबला. “जरा टेकतो,” म्हणाला. एका दुकानाच्या पायरीवर बसला आणि पुन्हा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई पाटलाकडे गेली. पाटलाला खरेच वाईट वाटले. “चांगला माणूस होता,” तो म्हणाला. “माझ्या लग्नात सगळे पाणी त्यानेच भरले.” मग नेहमीच्या सवयीने त्याने विचारले, “मजुरीचे काही ठरले का, आजी?”

सगुणाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. आयुष्यात ती कधी खोटे बोलली नव्हती. लोकांच्या उपरण्याच्या गाठीत राहिलेली नाणी तिने घरोघर नेऊन दिली होती. पण आज तिच्या अंगात राजधानीपर्यंत जायचे त्राण उरले नव्हते.

“ठरलं,” ती म्हणाली. “शेटजींनी मजुरी बाजूला काढून ठेवली.”

आवाज कापला नाही, याचीच तिला भीती वाटली.

पाटलाने त्याच दिवशी जमिनीच्या चार कोपऱ्यांना दगड पुरले आणि कागद करून घोडेस्वाराबरोबर राजाकडे धाडला. कागद पाहताच राजाने गाड्या सोडल्या. गाड्या गावात शिरल्या तेव्हा शेटजी दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी गवंडी आणि सुतार कामावर होते. तीन वर्षे अडलेले काम चार महिन्यांत पुरे झाले.

त्या चार महिन्यांत सगुणाबाईला अन्न गोड लागले नाही. खोटे उघडे पडेल आणि काम थांबेल, या धास्तीने ती रोज जाऊन भिंतींकडे बघून येई. कौले चढत होती तेव्हा त्या बारांतलाच एक म्हातारा गुराखी गेला. तो सातवा.

वास्तुशांतीला स्वतः राजा आला. पाटील सगळ्यांसमोर म्हणाला, “खरा मान शेटजींचा. त्यांनी आधी मजुरी काढून ठेवली, म्हणून मला जमीन द्यायचे धैर्य झाले.”

शेटजी गोंधळले. “मी? मी तर लाकूड बघितल्यावर मजुरी दिली.”

राजाने दोघांकडे पाहिले. “मग आधी कोणी दिले?”

सगुणाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. “कुणीच नाही, महाराज,” ती म्हणाली. “मी पाटलांना खोटं सांगितलं. तीन वर्षं खरं बोलत हिंडले, तेव्हा एक वीट हलली नाही. काय शिक्षा असेल ती द्या. या लोकांना मात्र बाहेर काढू नका.”

राजाची नजर एका ओळीत बांधलेल्या दारांवरून फिरली. “खोल्या बारा आहेत,” तो म्हणाला. “मग माणसे पाचच कशी?”

“मागितल्या तेव्हा बाराच होतो, महाराज.”

शेटजींनी मान खाली घातली. सगुणाबाईच्या बोलण्यात राग नव्हता. रागालाही बळ लागते. ती एवढेच म्हणाली, “तुम्ही तिघंही चांगली माणसं. तुम्ही एकमेकांची वाट पाहिलीत. तुमच्याकडे वेळ होता. आमच्याकडे नव्हता.”

राजाने तिला शिक्षा केली नाही. “ते खोटे तुझ्या तोंडून निघाले,” तो म्हणाला, “पण ते तुझ्याकडून आम्ही वदवून घेतले.” आणि त्या दिवसापासून त्याने राज्यात नियम केला, की निराधार वृद्धांसाठी ज्याला जे द्यायचे असेल ते त्याने दुसऱ्याची वाट न पाहता सरळ द्यावे; आधी कोण देतो, हे विचारू नये.

रिकाम्या सात खोल्या महिनाभरात भरल्या. छप्पर गेलेल्या माणसांची त्या गावात वाण नव्हती. सगुणाबाईला विहिरीच्या बाजूची खोली मिळाली. शेजारपाजारच्या बायका तिला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “आता सुखी ना, आजी?”

“दमले गं,” ती म्हणाली, आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

तात्पर्य: वृद्धांना द्यायचे ते वेळेत द्यावे, उशीर झाला की दान उरते, घेणारा उरत नाही.