मोहरगावची नदी

जे गाव पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही, त्या गावात कोणी वाट चुकला, तर त्याने ती कुणाला विचारायची? सांगता येईल तुम्हाला?

एका गावात अंबादासपंत नावाचे एक लेखक राहत होते. ते एक कादंबरी लिहीत होते. ती इतकी मोठी होती, की दर वर्षी तिचा एक भाग लिहून होई आणि तरी गोष्ट पुढे उरे. ही सगळी गोष्ट मोहरगाव नावाच्या गावात घडे. मोहरगाव खरे नव्हते. ते पंतांनी आपल्या मनातून उभे केले होते. पण ऐकणाऱ्यांना ते शेजारच्या गावाइतके ओळखीचे झाले होते.

सुगी संपली, की सात दिवस दुपारच्या वेळी पंत देवळाच्या सभामंडपात नवा भाग वाचून दाखवत. आसपासच्या दहा गावांतली माणसे ऐकायला येत. सातव्या दिवशी एक रीत होती. वाचन संपले, की पंत वहीची शिवण सोडत आणि प्रसाद वाटावा तसे घराघराला एकेक पान देत. कुणी ते देव्हाऱ्यात ठेवी, कुणी धान्याच्या कणगीत खोची, कुणी सासरी निघालेल्या लेकीच्या पेटीत घाली. सगळ्यांना ही रीत फार आवडे. पण तिच्यामुळे सबंध कादंबरी अशी कुठेच शिल्लक नव्हती. देवळात नव्हती, खुद्द पंतांच्या घरीही नव्हती.

ती फक्त एका माणसाजवळ होती. त्याचे नाव कोंडिबा.

कोंडिबा टोपल्या विणायचा. पाचव्या वर्षी त्याला देवी आल्या आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. पाने वाटताना त्याची पाळी आली, की तो हात मागे घेई. म्हणे, "ज्याला वाचता येतं त्याला द्या, पंत. माझ्यापाशी सगळंच हाय."

ते खरे होते. एकदा कानावर पडलेले तो विसरत नसे. पंतांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून नवा भाग लिहायला घेण्याआधी ते कोंडिबाच्या अंगणात जात, बांबूच्या कामट्या बाजूला सारून खाली बसत आणि म्हणत, "चल कोंडिबा, वेशीपासून."

कोंडिबाचे हात विणतच राहत आणि तो मोहरगावात शिरे.

"वेशीतून आत आलो. उजव्या हाताला लोहाराचा भाता. जरा दमानं या पंत, ठिणग्या उडत्यात. त्याच्या फुडं तेल्याचा घाणा. बैल नवा हाय, पहिला नवव्या भागात विकला त्यानं. ह्यो जरा आळशी हाय. आता आला पार. पारावरनं सतरा पायऱ्या खाली उतरलं, की नदी. ती डावीकडनं उजवीकडं चाललीय. जिवबा नावाडी काठावर बसलाय. डावा पाय अधू ना त्याचा, म्हनून उजवीकडं कललाय."

"आणि साळूबाईचं घर?"

"त्याला कुलूप. असं काय इचारता? ती न्हाई का गेली सहाव्या भागात?"

साळूबाई मोहरगावातली एक म्हातारी होती. तिला मूलबाळ नव्हते. तिने दुसऱ्यांची चार पोरे वाढवली होती. सहाव्या भागात ती तापाने गेली, त्या वर्षी दहा गावांनी तीन दिवस घरात गोड केले नव्हते. कोंडिबाने तर दाढीसुद्धा केली नव्हती. त्याची बायको भागू सगळ्यांना सांगत फिरे, "माजी सासू गेली तवा ह्या मानसानं एवढं केलं न्हाई!"

पंत कोंडिबाचे सगळे ऐकून घेत, घरी जात आणि मग लेखणी उचलत. अशी अकरा वर्षे गेली. अकरा भागांत मोहरगावातली एक पायरी इकडची तिकडे झाली नाही.

पंतांचे नाव महाराजांच्या कानावर गेले. महाराजांनी त्यांना राजवाड्यात बोलावून शालजोडी दिली. "पुढच्या वाचनाला आम्ही दिवाणजींना पाठवू," असेही सांगितले.

त्या वर्षी पंत नेहमीप्रमाणे कोंडिबाकडे निघाले. खांद्यावर शाल होती. वाटेत लोक वाकून नमस्कार करत होते. कोंडिबाच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांचे पाय थांबले. त्यांना कामट्यांचा ढीग दिसला आणि आपण त्यात मांडी घालून बसलेले दिसलो. त्यांच्या मनात आले, दिवाणजींना कळले तर? हा थोर लेखक आपले गाव एका आंधळ्या टोपलीवाल्याला विचारून लिहितो, असा दरबारात बोभाटा झाला तर?

ते स्वतःशीच म्हणाले, "गाव माझं आहे. मला नाही ठाऊक तर कुणाला असणार?" आणि ते माघारी फिरले.

बारावा भाग त्यांनी महिन्याभरात लिहून टाकला.

वाचनाला दिवाणजी आले. त्यांच्यासाठी पुढे गादी घातली होती. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी जिवबाची होडी प्रवाहाबरोबर उजवीकडून डावीकडे निघाली. खांबाशी बसलेला कोंडिबा जागच्या जागी चुळबुळला. तिसऱ्या दिवशी पंतांनी वाचले, "पहाट झाली. साळूबाईने जात्यावर ज्वारी घेतली आणि ती ओव्या म्हणू लागली."

सभामंडपात कुजबुज झाली. कोंडिबा खांबाला धरून उठला.

"पंत, एक इचारू का? साळूबाई दळतीया म्हनलात. ती तर गेलीया ना?"

पंतांना त्या क्षणी सगळे आठवले. साळूबाईची तिरडी आठवली, ती लिहिताना वहीवर पडलेले आपले स्वतःचे आसू आठवले. 'चुकलो रे बाबा,' एवढे शब्द पुरे होते. लोक हसले असते, पंतांनी ते वाक्य खोडले असते आणि वाचन पुढे चालू झाले असते. पण दिवाणजींनी भुवई वर केली होती.

पंत म्हणाले, "कोंडिबा, गाव माझं आहे. मी म्हणेन तो जिवंत आणि मी म्हणेन तो मेला. मी म्हणेन तिकडे नदी वाहील. माझं गाव आंधळ्याने मला दाखवू नये."

दिवाणजी हसले, म्हणून सगळे हसले.

"व्हय पंत," कोंडिबा म्हणाला. "गाव तुमचंच." तो खाली बसला. त्या दिवसाचे वाचन संपेपर्यंत तो मान खाली घालून बसून राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

सातव्या दिवशी रीतीप्रमाणे पाने वाटली. दर वर्षी पाने पुरत नसत. त्या वर्षी बावीस पाने उरली. पंतांनी ते मनावर घेतले नाही.

पुढच्या वर्षी तेराव्या भागाचे वाचन सुरू झाले. दिवाणजी आले नाहीत. पंतांना त्याचेही काही वाटले नाही, कारण हा भाग त्यांनी जीव ओतून लिहिला होता. त्यात जिवबा नावाड्याची नात होती, हिरी. नऊ वर्षांची. आजोबांचा पाय दुखतो म्हणून ती एकटीच होडी सोडवायला जाते आणि पाण्यात पडते. ते पान लिहिले, त्या दिवशी पंत जेवले नव्हते.

पाचव्या दुपारी ते पान आले. पंत हळूहळू वाचत होते. जिवबा अधू पायाने गुडघाभर पाण्यात उभा राहून हाका मारतो, तिथे त्यांचे डोळे वाहू लागले. त्यांनी थांबून समोर पाहिले.

कुणीतरी शेंगा फोडत होते. दोघे बैलाच्या खुरांबद्दल बोलत होते. पुढच्या रांगेतल्या एका नव्या सुनेचे डोळे तेवढे भरले होते. तिच्या शेजारी बसलेली बनाक्का तिच्या पाठीवर थोपटून म्हणाली, "रडू नगंस गं बाई. साळूबाई न्हाई का दळाया आली? ही बी येईल फुडल्या साली."

आजूबाजूला हशा झाला. मागून एकजण ओरडला, "आदी नदी औंदा कुठल्या अंगाला हाय ते तर इचारा! पोरगी भलत्याच बाजूला बुडायची!"

मग सगळा सभामंडप हसला. ती नवी सूनही पदराने डोळे पुसून हसली.

पंतांनी वही मिटली. एक म्हातारी गेली तेव्हा दहा गावांनी गोड खाल्ले नव्हते. आज एक पोर बुडाले आणि लोक हसत होते. लेखणी तीच होती आणि ऐकणारेही तेच होते.

ते देवळातून उठले ते थेट कोंडिबाच्या अंगणात गेले. भागू दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून पाहिले आणि पुन्हा सुपाकडे पाहिले.

"या पंत. गेल्या साली तीन डाव अंगण झाडून तुमची वाट बघितली ह्यांनी. औंदा मीच म्हनलं, नगा झाडू."

पंत कामट्यांतच खाली बसले.

"कोंडिबा, माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली. चल, एकदा वेशीपासून सांग. मी सगळं होतं तसं करतो."

कोंडिबाचे हात थांबले. इतक्या वर्षांत पंतांनी ते हात थांबलेले कधी पाहिले नव्हते.

"वेशीतून आत आलो," तो म्हणाला. त्याने तोंड उजवीकडे वळवले, मग डावीकडे वळवले. मग त्याने मान हलवली.

"न्हाई जमत, पंत. साळूबाईच्या दाराला कुलूप हाय आन् आत जातं फिरतंय. दोन्ही येकदमच हाय. नदी इकडं बी चाललीय, तिकडं बी चाललीय. मी लई झटलो बगा. पंतांनी सांगितलं म्हंजी माझंच चुकलं असंल, असं म्हनलं मी. म्हनून मी नदी फिरवली. नदी फिरवली तसा घाट हलला. घाट हलला तसा पार हलला. पार हलल्यावर घाणा कुठं ठिवायचा? आता वेशीतून आत पाऊल टाकलं, की नुसता काळोख हाय."

"अरे, पण आधीचं ते खरं होतं! अकरा भागांतलं! मी सांगतो ना तुला."

"तवा बी तुमीच सांगत व्हता की."

कोंडिबाने चाचपून एक कामटी उचलली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पंतांना बरे वाटले असते.

"आईचं त्वांड बी याद न्हाई मला, पंत," तो म्हणाला. "उभ्या जलमात बघितलेलं गाव तेवढंच व्हतं."

"मी पानं गोळा करतो," पंत उठत म्हणाले. "घराघरात आहेत. सगळी आणतो आणि तुला पहिल्यापासून वाचून दाखवतो."

भागू सुपातून मान वर न करता म्हणाली, "बघा. गेल्या सालापास्नं बायका त्या पानांनी चुली पेटिवत्यात."

तरी पंत गेले. पहिल्या घरातले पान चुलीत गेले होते. दुसऱ्या घरातले लेकीबरोबर घाटाखाली गेले होते आणि लेकीचा दोन वर्षांत निरोप नव्हता. तिसऱ्या घरी कणगीच्या तळाशी उंदरांनी कुरतडलेले तुकडे निघाले. चौथ्या घरी एका म्हातारीने देव्हाऱ्यातून घडी केलेले पान काढून दिले. ते तिसऱ्या भागातले होते. पंतांनी अंगणात उभ्या उभ्या ते वाचले. त्यात मोहरगावची संध्याकाळ होती. पाण्यावर ऊन पडले होते आणि साळूबाई पोरांना हाका मारत होती. पंतांनी ते पुन्हा वाचले. नदी कुठून कुठे जाते ते त्यात लिहिलेले नव्हते. आणि साळूबाईची हाक आता त्यांच्या स्वतःच्याच कानांना खोटी लागत होती.

त्यांनी पानाची घडी केली आणि म्हातारीच्या हातात परत दिली.

वाचनाचे अजून दोन दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांनी देवळाच्या गुरवाला निरोप पाठवला, की यापुढे वाचन होणार नाही. गुरवाने सभामंडपातली सतरंजी गुंडाळून आत ठेवली. का, म्हणून विचारायला कोणीही आले नाही.

तात्पर्य: आपण कल्पनेने वसवलेले गाव एकदा ऐकणाऱ्याच्या मनात वसले, की ते आपल्या एकट्याचे राहत नाही, तिथली नदी आणि तिथले मरण लहरीप्रमाणे फिरवू नये, आणि चूक झालीच तर ती त्याच क्षणी मान्य करावी, कारण एकदा विश्वास मोडला, की मग आपले खरे अश्रूसुद्धा कुणाला खरे वाटत नाहीत.