पडवळचा चेंडू पलंगाखाली

एक होता पडवळ. भाजी नाही हं! हा पडवळ भुंकायचा. डॅशहुंड कुत्रा होता तो. पाय एवढुस्से, कान मोठ्ठे आणि पाठ? ही... लांबच लांब!

पडवळ घरात सगळ्यांचा लाडका. आई द्यायची पोळी. ताई द्यायची टोस्ट. आजोबा द्यायचे बिस्किट. ज्याला त्याला वाटायचं, बिचारा उपाशीच आहे! पडवळही तसंच तोंड करायचा. लबाड कुठला!

एक दिवस पडवळचा लाल चेंडू घरंगळला. गडगड गडगड, थेट पलंगाखाली! पडवळ धावला दुडुदुडु दुडुदुडु. नाक आत गेलं. कान आत गेले. पोट? पोट अडलं! पडवळला रडूच आलं.

"पलंगा, पलंगा, चेंडू दे!"

पलंग म्हणाला, "मी नाही देणार, जा! पोट बारीक होईल, तर आत ये."

"मग वर चढून पलीकडे उडी मारू?" पडवळनं विचारलं.

"छे छे! पाठ दुखेल तुझी!"

पडवळ पोटाला म्हणाला,
"पोटा, पोटा, बारीक हो!
पलंग चेंडू देत नाही,
मी खेळू कसा?"

पोट म्हणालं, "मी नाही होणार, जा! पाय पळतील, तर मी बारीक होईन."

पडवळ पायांना म्हणाला,
"पायांनो, पायांनो, पळा रे!
पोट बारीक होत नाही,
पलंग चेंडू देत नाही,
मी खेळू कसा?"

पाय म्हणाले, "आम्ही नाही पळणार, जा! नखं टोचतात. नखं आखूड होतील, तर आम्ही पळू."

पडवळ नखांना म्हणाला,
"नखांनो, नखांनो, आखूड व्हा!
पाय पळत नाहीत,
पोट बारीक होत नाही,
पलंग चेंडू देत नाही,
मी खेळू कसा?"

नखं म्हणाली, "आम्ही नाही होणार, जा! ताई कापेल, तर आम्ही आखूड होऊ."

पडवळ गेला मुक्ताताईकडे. फरशीवर नखं वाजली, टिकटिक टिकटिक.
"ताई, ताई, नखं काप!
नखं आखूड होत नाहीत,
पाय पळत नाहीत,
पोट बारीक होत नाही,
पलंग चेंडू देत नाही,
मी खेळू कसा?"

ताई म्हणाली, "मी नाही कापणार, जा! तू किती वळवळतोस! आजोबा धरतील, तर मी कापीन."

पडवळ गेला आजोबांकडे. टिकटिक टिकटिक.
"आजोबा, आजोबा, मला धरा!
ताई नखं कापत नाही,
नखं आखूड होत नाहीत,
पाय पळत नाहीत,
पोट बारीक होत नाही,
पलंग चेंडू देत नाही,
मी खेळू कसा?"

आजोबा म्हणाले, "मी नाही धरणार, जा! एका हातात चहा, एका हातात बिस्किट. धरू कसा? हे बिस्किट तू खा बघू. मग धरतो!"

आली का पंचाईत! बिस्किटाचा वास आला खमंग. पडवळच्या तोंडाला पाणी सुटलं. जीभ बाहेर आली. पण बिस्किट खाल्लं, तर पोट फुगेल. पोट फुगलं, तर चेंडू कसा मिळेल?

पडवळनं डोळे गच्च मिटले. नाक तिकडे फिरवलं.

"भू! नको!"

"नको?" आजोबा बघतच राहिले. "अरे वा रे वा, शहाण्या!" मग आजोबांनीच बिस्किट खाल्लं, कुरुम कुरुम. चहा संपवला, फुर्र फुर्र. हात झाले मोकळे!

आजोबांनी पडवळला धरलं. एक हात छातीखाली, एक हात बुडाखाली, अगदी अलगद.
आजोबांनी धरलं, ताईनं नखं कापली. कट् कट् कट्!
ताईनं कापली, नखं आखूड झाली.
नखं आखूड झाली, पाय पळू लागले. आज पळाले, उद्या पळाले, परवा पळाले. बिस्किट बंद! टोस्ट बंद! खाऊला काकडीचे तुकडे!
पाय पळाले, पोट बारीक झालं.
पोट बारीक झालं, पलंग म्हणाला, "या पडवळराव, आत या!"

नाक आत. कान आत. पोट? पोट आत! सर्रर्र! चेंडू मिळाला!

चेंडू तोंडात धरून पडवळ पलीकडून बाहेर निघाला. नाक आलं. कान आले. पाठ आली. पाठ आली. अजून पाठच आली! आई हसून म्हणाली, "अगंबाई, शेपूट येणार कधी?"

आलं, आलं, शेपूट आलं! आनंदानं हलत हलत आलं!

चेंडू पडवळचा, गोष्ट तुझी आणि आता एक पापा माझा!