शनीवरचा बंबाजी आणि पोपटअण्णांच्या न्हाणीची भिंत

घोसाळवाडी नावाच्या गावात एक भोळा गिरणीवाला होता. त्याचं नाव विश्वंभर. गिरणीत भोळेपणानं काही अडत नाही. बाई म्हणाली जाडसर, की जाडसर. बाई म्हणाली बारीक, की बारीक. एकदा एकीनं चेष्टेत म्हटलं, आज काही दळू नकोस, नुसता बस. विश्वंभर दिवेलागणीपर्यंत नुसता बसला. त्या रात्री गावात सगळीकडे भात होता.

त्याची बायको सुनेत्रा. शिकलेली. तो तिला बघायला आला तेव्हा तिचे वडील त्याला म्हणाले, पोहे घ्या. विश्वंभरनं पोहे घेतले, उठला आणि पोहे घेऊन घरी गेला. बशी परत द्यायला आला तेव्हा लग्न ठरलं. सुनेत्राला वाटलं, सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे, आणखी काय हवं?

सुनेत्रा रसायनशास्त्र शिकली होती. प्रयोगशाळेत तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. कृती नीट सांगितली, तर प्रयोग कोणाच्याही हातून नीटच होतो. चुकला तर कृती सांगणारा चुकला. त्यामुळे विश्वंभरनं काही घोळ घातला की ती त्याच्यावर चिडत नसे. आपलंच सांगणं कुठेतरी कमी पडलं, असं म्हणून पुढच्या वेळी आणखी नीट सांगत असे. सगळा घोळ तिथेच होता.

त्यांना एक मुलगी झाली. तिचं नाव पर्णिका. हे नाव शोधायला सुनेत्राला मुलीला जन्म देण्याहून जास्त त्रास झाला होता. मुलगी झोपली नाही की सुनेत्राला काळजी वाटे. झोपली की जास्त काळजी वाटे. मग ती श्वास चालू आहे ना हे बघायला नाकापाशी बोट धरी. बोटानं मुलगी जागी होई. मग सुनेत्राला वाटे, हिला झोप का लागत नाही?

या सगळ्यात तिचा एकच शौक उरला होता, तो म्हणजे 'शनीवरचा बंबाजी'. हे एक चित्रमासिक होतं. बंबाजी हा यंत्रमानव. आंघोळीच्या तांब्याच्या बंबापासून बनलेला. पोटात निखारे, डोक्यावर धुराडं. तो शनीवर राहायचा आणि कोणी काही सांगितलं की म्हणायचा, "आज्ञा, मालक." सांगितलं तेच करायचा, तेवढंच करायचा. सुनेत्रा कॉलेजात असल्यापासून या गुणावर फिदा होती. घरात तोच गुण चालता-बोलता फिरतोय, हे तिच्या कधी ध्यानात आलं नाही.

बंबाजीचे चाहते तालुक्याला बरेच होते. त्यांचं एक मंडळ होतं. निवृत्त पोस्टमास्तर टिपणीस त्याचे चिटणीस. ते प्रत्येक अंकाच्या तीन प्रती घेत. एक जपून ठेवायला. दुसरी, पहिलीला काही झालं तर असावी म्हणून. तिसरी, दुसरीचा भरवसा नाही म्हणून. वाचायची कुठली, असं विचारलं तर ते दचकत. वाचल्यानं कडा मऊ पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर एकदा बंबाजीच्या प्रकाशकांनी जाहीर केलं. पन्नासावा अंक निघाला की चित्रकार हळबे स्वतः तालुक्याला येतील. जो वाचक पहिल्यापासून पन्नासाव्यापर्यंतचा पूर्ण संच त्यांच्यापुढे मांडेल, तो सांगेल ते नाव एक्कावन्नाव्या अंकातल्या नव्या पात्राला मिळेल.

सुनेत्रानं ते वाचलं आणि पाळण्याकडे बघितलं. तिला दिसलंच. शनीच्या कड्यावर पाय हलवत बसलेली पितळेची इवलीशी यंत्रमुलगी. गालाला खळी. नाव पर्णिका. आपण मुलीला काय देणार, शहाणपण तर आपल्याकडेच पुरेसं नाही, पण एवढं एक देऊ, असं तिनं ठरवलं. तिच्या संचात फक्त सतरावा अंक नव्हता. आणि शेवटचे काही अंक यायचे होते. मुलीला घेऊन एसटीत बसायची तिची छाती नव्हती. तेव्हा आणायला जाणार विश्वंभर.

पहिल्यांदा तिनं त्याला स्टँडवरून नवा अंक आणायला सांगितला. म्हणाली, जपून आणा. विश्वंभर सगळ्यात जपायच्या गोष्टी बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचा. त्यानं अंकाची घडी घातली, घडीची घडी घातली आणि खिशात ठेवला. घरी आणला तेव्हा तो विड्याएवढा झाला होता.

सुनेत्रानं डोळे मिटले, उघडले. जपून म्हणजे काय, हे आपण सांगितलंच कुठे? मग तिनं नीट समजावलं, अहो, अशी वस्तू सपाट ठेवायची, दोन फळ्यांच्या मध्ये, वरून चांगलं वजन द्यायचं.

"एवढंच ना?" विश्वंभर म्हणाला. "आता नाही चुकणार."

पुढच्या महिन्यात मंडळानं सभासदांना बंबाजीचा मुखवटा वाटला. पुठ्ठ्याचा, फुगीर गालांचा, वर वीतभर धुराडं. विश्वंभर तो आणायला गेला. त्यानं तो दोन फळ्यांच्या मध्ये ठेवला. चांगलं वजन कुठून आणायचं? मग तो स्वतःच वर बसला. एसटीत जागा रिकाम्या होत्या तरी तो फळ्यांवरच बसून आला. घरी आला तेव्हा बंबाजीची भाकरी झाली होती.

सुनेत्रा म्हणाली, अहो, मुखवटा असा आणतात का? तो तोंडावर चढवायचा, मागं सुतळी बांधायची आणि ऐटीत चालत यायचं.

"हे आधी नाही सांगितलंस," विश्वंभर म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

मग पन्नासावा अंक आला. त्याच्याबरोबर बंबाजीचं दारभर मोठं रंगीत चित्र फुकट होतं. विश्वंभरनं अंक फळ्यांत घातला, कारण ते तो शिकला होता. सुनेत्राला हे कळलं तेव्हा तिला वाटलं, जमलं. पण चित्र त्यानं तोंडावर चढवलं. मागं सुतळी बांधली. काही दिसेना, म्हणून बंबाजीच्या पोटात, बरोबर निखाऱ्यांपाशी, दोन भोकं पाडली आणि ऐटीत चालत आला. वेशीपासून सगळी कुत्री मागं. पारावर कोणीतरी विचारलं, काय रे विश्वंभरा, डोळे पोटात गेले का? तो म्हणाला, हो.

पर्णिका मात्र त्याला बघून पहिल्यांदाच खदखदून हसली. सुनेत्राला आनंद झाला आणि लगेच काळजी वाटली, की चार महिन्यांच्या मुलानं इतकं हसणं बरं का?

मग ती म्हणाली, अहो, छापील चित्र भिंतीला लावायचं असतं. मागून खळ लावायची, चारी कोपरे दाबायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी. विश्वंभरनं मान डोलावली. खळ करायला गिरणीत पिठाला काय तोटा?

आता राहिला सतरावा. टिपणीसांकडे अर्थातच तीन होते. सुनेत्रानं त्यांना निरोपावर निरोप धाडले. आपल्याकडची पाचव्या अंकाची जादा प्रत देऊ केली. पर्णिकाची शपथ घ्यायची तेवढी बाकी ठेवली. टिपणीसांना रात्रभर झोप लागली नाही, पण ते कबूल झाले. विश्वंभर निघाला तेव्हा सुनेत्रानं त्याला उंबऱ्यात थांबवून सांगितलं: घडी घालायची नाही. खिशात ठेवायचा नाही. बसायचं नाही. तोंडाला बांधायचा नाही. भोक पाडायचं नाही. तिनं आठवून आठवून सगळं सांगितलं. तो गेल्यावर तिला वाटलं, काहीतरी राहिलं.

राहिलंच होतं. भिंतीला लावायचा नाही, हे राहिलं होतं.

विश्वंभरनं अंक हातात धरून आणला. ना घडी, ना डाग. गिरणीत येऊन त्यानं बघितलं, तर आत सगळी छापील चित्रं. त्यानं पानं मोकळी केली आणि घट्ट खळ शिजवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी जागा गावात एकच होती. शेजारच्या पोपटअण्णांची न्हाणी. तिची पत्र्याची भिंत थेट रस्त्यावर. तिथं त्यानं सतरावा अंक ओळीनं चिकटवला आणि एकेका पानाचे चारी कोपरे दाबले.

गावानं बंबाजी पहिल्यांदाच वाचला. पाण्याला जाणाऱ्या बायका हंडे टेकवून वाचू लागल्या. मागची बाजू पत्र्याला चिकटल्यामुळे निम्मी गोष्ट दिसत नव्हती. ती निम्मी ज्यानं त्यानं आपल्या मनानं घातली. बंबाजीनं शनीच्या राणीला पाणी तापवून का दिलं, यावर पारावर दोन तट पडले.

सुनेत्रा पर्णिकाला कडेवर घेऊन भिंतीपुढे उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी हळबे येणार होते. पान उचकटावं तर फाटणार. भिजवावं तर विरघळणार. तिला रडू येत होतं, पण मूल कडेवर असताना रडलं तर मुलाच्या मनावर परिणाम होतो, असं तिनं कुठंसं वाचलं होतं.

सकाळी तिनं ठरवलं. विश्वंभरनं बाकीच्या एकोणपन्नास अंकांची ट्रंक घेऊन जायचं आणि हळब्यांना घेऊन यायचं. भिंत इथंच बघतील. पर्णिकाला सर्दी झाली होती. सुनेत्रा तिचं नाक पुसता पुसता सांगू लागली.

"नीट ऐका. भिंतीवरच्या पानांना बोटसुद्धा लावायचं नाही. फाटतील."

"नाही लावणार."

"हळब्यांच्या डोळ्यांपुढे पन्नासच्या पन्नास आले पाहिजेत. आणि कोणी काही विचारलं, तर पर्णिकाचं नाव सांगायचं. तुमचं-माझं नाव मध्ये आणायचं नाही. काय सांगाल?"

"पर्णिका."

पुढचं वाक्य होतं, 'त्यांना गाडीत घालून इथं आणा.' तेवढ्यात पर्णिका शिंकली. एकामागोमाग दोनदा. सुनेत्रा आत धावली. वाक्य राहिलं.

विश्वंभरनं ट्रंक भाड्यानं आणलेल्या टेंपोत ठेवली आणि भिंतीपुढे येऊन विचार केला. पानांना बोट लावायचं नाही. पन्नासच्या पन्नास पोचले पाहिजेत. त्यानं पक्कड आणली आणि भिंत काढली.

आत पोपटअण्णा होते. तोंडाला साबण. त्यांना एकदम गार वारं लागलं. ते म्हणाले, "दार कोणी उघडलं रे?"

"दार बंदच आहे, अण्णा," विश्वंभर म्हणाला. तेही खरंच होतं.

पुढचं सुनेत्राला लोकांकडून कळलं. तालुक्याच्या वाचनालयाचा हॉल गच्च भरला होता. टिपणीस हातमोजे घालून पुढे बसले होते. हळबे थकलेले दिसत होते. पन्नास अंक काढून त्यांचं डोकं रिकामं झालं होतं, नवं पात्र काही सुचत नव्हतं. एवढ्यात दारातून एक ट्रंक आली. तिच्यामागून एक भिंत आली. भिंतीमागून, कमरेला पंचा आणि डोळ्यांत साबण अशा अवस्थेत, टेंपोच्या मागं लटकून आलेले पोपटअण्णा आले. ते भिंत मागत होते.

टिपणीसांनी पत्र्याला चिकटलेला आपला सतरावा बघितला आणि पाणी मागितलं. हळबे खुर्चीतून उठले. त्यांनी विचारलं, "ही भिंत कोणी काढली?"

"पर्णिका," विश्वंभर म्हणाला.

"कोण पर्णिका?"

"माझी मुलगी."

"केवढी आहे?"

"चार महिन्यांची."

हळब्यांनी पोपटअण्णांना विचारलं, तुम्ही बघितलंत का? पोपटअण्णा म्हणाले, डोळे चुरचुरत होते, काही दिसलं नाही, असेल. हळब्यांनी परत विश्वंभरला विचारलं, तिनं एकटीनं काढली? त्याला बायकोचं सांगणं आठवलं. तुमचं-माझं नाव मध्ये आणायचं नाही. तो म्हणाला, एकटीनं. हळबे खाली बसले आणि तिथल्या तिथं कागद ओढून चित्र काढू लागले. निम्मी पानं पत्र्याकडे तोंड करून होती, तेव्हा संच काही पूर्ण धरला गेला नाही. पण त्याचं आता हळब्यांना काही नव्हतं.

एक्कावन्नावा अंक आला तेव्हा विश्वंभरनं तो जसाच्या तसा आणून बायकोच्या हातात ठेवला. सपाट, कोरा, खळीचा थेंब नाही. मुखपृष्ठावर पानभर मोठं नाव होतं, सुनेत्राला हवं होतं तेच. 'भिंतखाऊ राक्षसी पर्णिका'. खाली शनीएवढी एक लोखंडी बाई, दातांत भिंत, आणि तिच्यापुढे पंचा सावरत पळणारा साबण लावलेला माणूस. आतल्या पानांत ती घरोघरच्या न्हाण्या उचकटत होती.

सुनेत्रानं सगळी पानं शेवटपर्यंत उलटली. शेवटी एक आशा धरून तिनं विचारलं, "पण बंबाजी हिला मारतो ना? पुढच्या अंकात तरी?"

विश्वंभरनं पर्णिकाला पाळण्यातून उचललं आणि कडेवर घेतलं.

"हळबे त्या दिवशी तेच विचारत होते," तो म्हणाला. "पर्णिकाला कितव्या अंकात मारू? मी चांगलंच सुनावलं त्यांना. म्हटलं, अभद्र बोलू नका, तिला शंभर वर्षं जगू दे. बिचारे कबूल झाले."