थॉर्नटनची पाळी

फार वर्षांपूर्वी, माळावर बाभळीशिवाय सावली नव्हती तेव्हा, वाघदऱ्यात थॉर्नटन नावाचा गोरा साहेब आला. त्याच्या पायाला भिंगरी होती. दोन रात्री एका जागी झोपला तर त्याला ताप चढे, असं म्हणतात. नावाचा अर्थ विचारला तेव्हा तो म्हणाला, काटेरी झुडपांचं गाव. पूर्वज तिथले, म्हणून आडनाव ते. गाव हसलं. म्हणजे हाही आपल्यासारखा काटेगावकरच की!

त्याने खडक फोडून विहीर खणवली आणि पाणी लागलं त्याच दिवशी घोड्यावर टांग मारून निघून गेला. गावाने उपकार म्हणून पाण्याची पहिली पाळी त्याच्या नावे ठेवली. पाळी आडनावाने पुकारायची रीत. पाटाचं पाणी वाटून देणारा रखमाजी पाटकरी रोज सकाळी पुकारे, "थॉर्नटन!" कोण येणार? तरी त्याची पाळी सरेपर्यंत मोट थांबे आणि भरल्या विहिरीपाशी गाव ताटकळत बसे. पाहुण्याच्या वाट्याला हात कोण लावणार!

गिरजाचा जीव तिथे तळमळे. कडेवर पोर असताना नवऱ्याने टाकलं, माहेराने दार लावून घेतलं. मावशीने दिलेल्या तुकड्यात तिने कांदा लावला होता, त्यावरच मायलेकरांचं वर्ष निघायचं होतं. पण सासर तिला आपलं नाव लावू देईना, माहेरही देईना. आडनाव नाही म्हणून पाळी नाही. रोपं माना टाकू लागली, तशी ती दिवसभर पाटाच्या कडेने येरझारा घालू लागली. बसवत नव्हतं.

एका सकाळी रखमाजीने पुकारलं, "थॉर्नटन!"

"आले," गिरजा म्हणाली.

पंच भडकले. साहेब तुझा कोण लागतो, असं त्यांनी दरडावून विचारलं.

"कुनी न्हाई. तुमचाबी कुनी न्हवता. नाव रिकामं पडलंय, ते मी घेते."

कुणी हाकलं नाही तरी मोटेचे बैल चालू लागले, असं म्हणतात. पाणी पंचांच्या पायांवरून गेलं आणि तिच्या मागोमाग तिच्या वाफ्यात शिरलं. त्यांनी अडवलं नाही.

आज वाघदऱ्यात जागेवर न ठरणाऱ्या पोराला थॉर्नटन म्हणतात. गिरजाची पणतवंडं शाळेत तेच आडनाव लावतात. पहिली पाळी मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवली नाही. पाटकरी अजून तेच नाव पुकारतो आणि थांबतो. ज्याला कुणीच आपलं म्हणत नाही त्याने "आलो" म्हणावं. मग तू कुणाचा, हे त्याला वाघदऱ्यात कुणी विचारत नाही.