धामणीची मिरवणूक

त्या राज्यातल्या प्रत्येक नगराची बांधणी एकसारखी होती. टेकडीवर दोन तळी, तळ्यांतून उतरणारे दोन पाट, खाली ते पाणी साठवणारे एक कुंड आणि कुंडातून बाहेर पडणारी एकच मोरी. त्या मोरीतून घुशी आत शिरत, कुंडाची भिंत पोखरत आणि वेळीच आवरल्या नाहीत तर पाटाच्या कडेने तळ्यांपर्यंत चढत. तळे फुटले की नगर संपले.

बांधणी एक, म्हणून बंदोबस्तही एक, असे अमात्य दीर्घचंचू या करकोच्याचे मत होते. तरुणपणी राजधानीत त्याने मांजरे सोडून घुशी पळवल्या होत्या. त्यानंतर डोके चालवण्याची गरज त्याला भासली नव्हती. मोरीत वाळके पान खडखडले तरी मांजरे पाठवली जात. ती चार उड्या मारत आणि काम अर्धवट टाकून परतत. मागे उरलेल्या घुशींची भीड दरवेळी थोडी अधिक चेपे.

अमात्याने प्रत्येक नगरात एक पिंगळाही नेमला होता. पकडलेल्या घुशीपुढे मांजर, मुंगूस, धामण एकेक करून आणायचे, ती कोणाला भिते ते पाहायचे आणि वेशीवरून ओरडून सांगायचे, एवढेच त्याचे काम. दरवर्षी पिंगळ्यांना शाली मिळत. त्यांचे ऐकण्याची पद्धत मात्र नव्हती.

अशाच एका नगराच्या कुंडात सोनाक्का ही कासवीण पिलांसह राहत होती. एका हिवाळ्यात पाणी गढूळले आणि अंगाला चुरचुरू लागले. पिले रात्रंदिवस कळवळू लागली. सोनाक्का फरफटत राजधानीला गेली.

"मांजरे पाठवतो," तिचे बोलणे पुरे होण्याआधीच अमात्य म्हणाला.

"पण महाराज, आमच्याकडच्या घुशी मांजरांना भीत नाहीत. पिंगळा तर कधीचा सांगतोय."

"घूस मांजराला भिते," अमात्याने मान उंचावली. "हे मी स्वतः पाहिले आहे."

"कुठे?"

"इथे. राजधानीत. तुमच्या घुशी काय वेगळ्या आईच्या आहेत?"

दरबार पोट धरून हसला. सोनाक्काची मान आपोआप कवचात गेली.

मांजरे आली. घुशींनी त्यांना वाट करून दिली. मांजरांनी कुंड स्वच्छ ठेवणारे चिमुकले मासे तेवढे फस्त केले आणि काम फत्ते झाल्याचे राजधानीला कळवले. अमात्याने आणखी मांजरे धाडली. तोवर घुशी पाट चढून डावीकडच्या तळ्याला भिडल्या होत्या. हुडहुडी भरल्यासारखी टेकडी थरथरू लागली.

मग मात्र सोनाक्काने राजधानीकडे पाहणे सोडले. ती वेशीवर गेली.

"ओरडून ओरडून घसा बसला माझा," पिंगळा खेकसला. "मांजराला इथली एकही घूस भीत नाही. मुंगसाला निम्म्या भितात. धामणीला सगळ्या. बांधापलीकडे राहते ती. जा!"

धामण आली, कसलाही गाजावाजा न करता बिळात शिरली. दोन दिवसांत पाणी निवळले. "आता निघते," ती म्हणाली. पण सोनाक्का मोरीच्या तोंडाशी आडवी बसली. "शेवटचे बीळ तपासून मगच जा, बाई." धामणीने पाटावरची, तळ्याकाठची सगळी बिळे धुंडाळली. टेकडी शांत झाली. पिले कितीतरी दिवसांनी निवांत झोपली, तेव्हा सोनाक्काला रडू आले.

ही बातमी राजधानीत पोचली. परवानगीवाचून धामण बोलावल्याबद्दल शिक्षा होईल म्हणून सोनाक्का धास्तावली होती. पण अमात्य स्वतः पालखी घेऊन आला. "आमचे धोरण यशस्वी झाले!" त्याने जाहीर केले. "आजपासून मांजरे बंद. राज्यात सर्वत्र धामण!"

डोंगरापलीकडच्या नगरातही घुशी तळ्यापर्यंत चढल्या होत्या. धामणीला फुलांच्या माळा घालून पालखीत बसवले आणि मिरवणूक तिकडे निघाली. सन्मानाची पाहुणी म्हणून सोनाक्कालाही बरोबर घेतले होते.

"तिथल्या पिंगळ्याला विचारलेत का?" वाटेत तिने विचारले.

"विजयाच्या दिवशी शंका काढू नयेत," अमात्य म्हणाला.

त्या नगराच्या वेशीवर पिंगळा पंख आपटत होता. "इथे क्षुल्लक कारणाला चोरून धामणी बोलावत आलेत," असे काहीसे तो ओरडत होता. पण ढोलताशांत कोणाला काही ऐकू आले नाही. पालखी कुंडाशी उतरली. अमात्याच्या गळ्यात हार पडला. धामणीने भर उन्हात वेटोळे घातले आणि फणकाऱ्याने फूत्कार सोडला.

बिळातून एक घूस बाहेर आली. तिने धामणीला हुंगले. मग मागे वळून आपली पिले एकेक करून तोंडात धरून आणली, वेटोळ्याच्या सावलीत ओळीने निजवली आणि स्वतः भिंत पोखरायला निघून गेली.

ढोल वाजतच होते.