काळ्या मातीतली सीतेची वेणी

राजांना आणि गावांना अजून नावं पडली नव्हती, त्या फार पूर्वीच्या काळातली ही गोष्ट.

डोंगरावरच्या एका गावात झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी नावाची आमरी वाढे. जाड, पट्ट्यांसारखी पानं, सालीला धरून हवेत लोंबणारी पांढुरकी मुळं, आणि उन्हाळा सरताना पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा लांब तुरा, थेट वेणीसारखा. लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत या आमरीचं रोप घाली. सासरी त्याला तुरा आला, की तो केसांत माळून लेक पहिल्या माहेरपणाला येई. तुरा नाही, तर माहेरपण नाही, अशी रीत होती.

त्या गावची एक मुलगी लग्न होऊन नदीकाठच्या गावात आली. तिथली माती काळीभोर, सुपीक. जे मातीत नाही ते उपाशी, अशी तिथल्या लोकांची समजूत.

मुलीची सासू फार मायाळू होती. ओटीतलं रोप पाहून ती कळवळली. "अगंबाई! मुळं उघडीच की बिचाऱ्याची. तुझ्या आईला मूठभर माती नाही मिळाली?"

तिने मोठं मडकं आणलं, नदीचा गाळ आणि शेणखत भरलं आणि रोप त्यात पुरलं. रोज ती त्याला पोटभर पाणी घाली.

सुनेला ठाऊक होतं, की ही मुळं पाऊस आणि धुकं पितात, खोडाचा नुसता आधार घेतात आणि मातीत गुदमरतात. पण सासूच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून ती काही बोलली नाही.

सुनेचेही तसेच लाड चालले होते. रानवाटा तुडवत वाढलेल्या त्या मुलीला सासू अंगणातही जाऊ देईना. "ऊन लागेल गं. बैस झोपाळ्यावर. लाडू खा."

सासरे थट्टा करत, "अगं, एक दिवस सूनबाईलाही मडक्यात लावशील!"

"तुम्ही गप्प बसा. पोर वाळत चाललीय, दिसत नाही?" असं म्हणून सासू आणखी एक लाडू वाढी.

उन्हाळा सरत आला. तुऱ्याचा पत्ता नव्हता. पानं पिवळी पडली. आता पोरीला आई भेटायची नाही, या विचाराने सासूच जास्त घाबरली. ती टोपलीभर खत घेऊन मडक्यावर वाकली, तेव्हा मात्र सुनेने तिचा हात धरला.

"नका, आत्याबाई. मरतंय ते. त्याला माती नको असते. आंब्याच्या खोडाला काथ्याने बांधायचं, सावलीत, वारा लागेल असं."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"तुम्ही इतकं जिवापाड करत होतात. कसं सांगणार?"

सासूने खताची टोपली बाजूला ठेवली. मग तिने हळूच विचारलं, "आणि लाडू?"

सुनेने मान खाली घातली. "मला गोड आवडत नाही."

सासरे पोट धरून हसले. सासूला हसू आणि रडू एकदमच आलं.

रोप उपसलं, तर मुळं कुजून काळी झालेली. एकच मूळ हिरवं होतं. तेवढ्यावर दोघींनी ते आंब्याला बांधलं. पण यंदा तुरा येणं शक्य नव्हतं.

सासूने चपला घातल्या. "चल."

"कुठे?"

"तुझ्या माहेरी. रीत मोडल्याचा बोल मी घेईन. आमरी कशी वाढवायची ते विहीणबाईंना विचारते. आणि त्यांची लेक कशी वाढवायची, तेही."

डोंगर चढताना सून पुढे धावत होती आणि सासू मागून धापा टाकत होती. लेकीचे बिनफुलांचे केस पाहून दारातली आई चरकली.

"चूक माझी, विहीणबाई," सासू म्हणाली. "पण पोर आणलीय."

आईने काही न विचारता दोघींच्या पायांवर पाणी घातलं.

त्या रोपाला तुरा यायला पुढे बरीच वर्षं लागली. माहेरपण मात्र एकही चुकलं नाही.

तात्पर्य, निदान मला उमगलं तेवढं: माया करणाऱ्याने आधी विचारावं, आणि जिच्यावर माया केली जाते तिने वेळेवर सांगावं.